तेलाचा राजा : 'मसीहा' मराठी मुलखात कसा आला

विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की आज प्रवचन आहे. तसं नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. एक शब्द दोन-अडीच हजार वर्षं प्रवास करत कोल्हापूरपर्यंत कसा पोचला आणि पोचल्यावर त्याचं काय झालं, एवढंच मला सांगायचं आहे. पण तो शब्द साधा नाही. त्याच्यासाठी राज्यं बुडाली आहेत आणि माणसांनी घरंदारं सोडली आहेत.

शब्द आहे 'मसीहा'. आपल्याकडे तो हल्ली स्वस्त झालाय. कोरोनाच्या काळात मजुरांना गावी पोचवणाऱ्या एका हिंदी नटाला सगळ्या वाहिन्यांनी मसीहा केलं. निवडणूक आली की चौकातल्या फलकांवर कैवारी, भाग्यविधाता, कार्यसम्राट उगवतात. तेही त्याच कुळातले. म्हणजे कोणीतरी येईल आणि आपल्याला सोडवील. ही ओढ माणसाला फार जुनी आहे.

मूळ हिब्रू शब्द 'माशिआह'. अर्थ सरळ आहे : ज्याला तेल लावलंय तो. ग्रीकमध्ये त्याचं भाषांतर झालं 'ख्रिस्तोस', त्यावरून आपला 'ख्रिस्त'. अनेकांना वाटतं येशू हे नाव आणि ख्रिस्त हे आडनाव. आडनाव नाही ते, ती पदवी आहे. 'छत्रपती' जशी पदवी आहे, तशी.

मराठीत याला 'अभिषिक्त' म्हणतात आणि कोल्हापूरच्या माणसाला अभिषेक काय असतो हे समजावून सांगावं लागत नाही. ६ जून १६७४ ला रायगडावर गागाभट्टांनी केलेला राज्याभिषेक आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरीने तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक केला, हेही पुष्कळांना माहीत असेल. आणि या शहराने तर वेदोक्त प्रकरण पाहिलंय. पंचगंगेच्या काठी शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे ध्यानात आलं आणि पुढे जे रण माजलं, त्याच्या मुळाशी प्रश्न एकच होता : राजाला राजा कोण ठरवतं? मंत्र म्हणणारा, की स्वतः राजा, की लोक? हा प्रश्न मनात ठेवा. मसीहाची सगळी गोष्ट त्याच प्रश्नाभोवती फिरते.

आपल्या अभिषेकात पाणी असतं, दूध असतं, पंचामृत असतं. हिब्रू लोकांकडे ऑलिव्हचं तेल. बायबलच्या जुन्या करारात शमुवेल नावाचा संदेष्टा शिंगात तेल भरून बेथलेहेमला इशायच्या घरी जातो. एकेक मुलगा पुढे येतो, उंच, देखणे. शमुवेल विचारतो, आणखी कोणी आहे का? तर धाकटा आहे म्हणे, पण तो मेंढरं राखायला गेलाय. त्याला रानातून बोलावून आणतात आणि तेल त्याच्या डोक्यावर ओततात. तो दावीद. धनगर आणि राजा एकाच माणसात आले ते इथून. ज्याला कोणी मोजतच नव्हतं तो निवडला गेला, हाही रंग या प्रतिमेला पहिल्यापासूनच आहे.

पुढे राज्य बुडालं. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमाराला यरुशलेम पडलं, लोक बाबेलला बंदी म्हणून गेले. राजा उरला नाही. आता मजा बघा. राजा नसतानाच 'अभिषिक्त' हा शब्द मोठा होत गेला. जो होता त्याच्याबद्दलचा शब्द जो येणार आहे त्याच्याबद्दलचा झाला. यशयाच्या ग्रंथात तर इराणच्या कोरेश बादशहालाही, म्हणजे ज्याला आपण सायरस म्हणतो त्याला, देवाचा अभिषिक्त म्हटलंय. परका, परधर्मी राजा! कारण त्याने बंदिवानांना घरी जाऊ दिलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मसीहा आपल्याच जातीचा असला पाहिजे अशी अट तिथे दिसत नाही. त्याने काय केलं ते पाहिलंय.

अशी वाट पाहणारा समाज आपल्याकडेही होता, तोही मराठी बोलणारा. कोकणातले बेने इस्राएल. रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या आसपास शेकडो वर्षं राहिलेले मराठी ज्यू. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. तेल लावलेल्या राजाची वाट पाहणाऱ्या लोकांना आपल्या गावगाड्याने तेली म्हणून ओळखावं, हा योगायोग कोणी मुद्दाम रचला नव्हता. त्यांच्या घरी शुभकार्याला 'मलिदा' करतात : पोहे, खोबरं, साखर, फळं. तो एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने. आणि ज्यू परंपरेत एलिया कोण? मसीहाच्या आधी येऊन वर्दी देणारा. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. म्हणजे मसीहाच्या पुढे धावणारा चोपदार कोकणात पोह्यांच्या ताटावर पोचला होता, मिशनरी यायच्या कितीतरी आधी.

मिशनरी आले तेव्हा त्यांना हे लोक सापडले आणि त्यांच्या आशा पल्लवित झाल्या. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. हिशेब असा की या लोकांनी आपले जुने ग्रंथ मुळातून वाचले की येशू हाच तो मसीहा हे त्यांना दिसेल. झालं उलटंच. त्यांनी ग्रंथ वाचले, शाळांत शिकले आणि बहुतेक सगळे पूर्वीपेक्षा पक्के ज्यू झाले.

का झालं असं? कारण येशूला मसीहा म्हणण्यात एक मोठी अडचण होती आणि ती पहिल्या दिवसापासून होती. मसीहा म्हणजे राजा. राजाने शत्रूला हरवायचं असतं. येशूला रोमन सत्तेने क्रुसावर टांगून मारलं आणि वर पाटी लावली, 'यहूद्यांचा राजा'. ती पाटी म्हणजे आरोपपत्र होतं, थट्टा होती. हरलेला राजा अभिषिक्त कसा? मार्कच्या शुभवर्तमानात पेत्र म्हणतो, तूच ख्रिस्त आहेस, आणि येशू त्याला सांगतो, हे कोणाला बोलू नका. लगेच पुढे तो स्वतःच्या छळाबद्दल, मरणाबद्दल बोलायला लागतो. पेत्राला ते सहन होत नाही. शिष्यांना हवा होता एक राजा आणि समोर उभा होता दुसराच. त्याच्या अनुयायांनी मग यशयाच्या ग्रंथातला दुःख सोसणारा सेवक काढला आणि तो राजाच्या प्रतिमेला जोडला. ख्रिस्ती श्रद्धेची सगळी नवलाई या जोडकामात आहे. ज्यूंना हे जोडकाम मान्य नव्हतं, आजही नाही, आणि त्यांच्याकडे कारणं आहेत. शंभर वर्षांनी, १३२ साली, शिमोन बार कोखबा नावाच्या पुढाऱ्याने रोमविरुद्ध उठाव केला. रब्बी अकिवासारख्या मोठ्या पंडिताने त्याला मसीहा म्हटलं. १३५ पर्यंत तो उठाव चिरडला गेला, अगणित माणसं मेली. मसीहा ही प्रतिमा जीवघेणी आहे, मंडळी. ती नुसती सांत्वनाची गोष्ट नाही.

आता एक गंमत. येशू यरुशलेमात शिरतो तो गाढवीच्या शिंगरावर बसून. जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात तसं आहे : तुझा राजा नम्र होऊन गाढवावर बसून येतोय. घोडा हा लढाईचा, गाढव शांततेचं. हिब्रू वाचकाला यात राजेपण दिसतं. आपल्याकडे? गाढवावर बसवून काढतात ती धिंड! बाजारात उभं राहून कोणी मिशनरी सांगायला लागला की आमचा राजा गाढवावरून आला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय येणार? मला नेहमी वाटतं की मराठी माणसाने ही गोष्ट कदाचित जास्त खरी ऐकली. कारण चार दिवसांनी त्या राजाची धिंडच निघाली होती.

मराठीत हा राजा पहिल्यांदा मोठ्या थाटात आणला तो फादर स्टीफन्सने. इंग्रज जेझुइट, १५७९ ला गोव्यात आला, सासष्टीत राहिला, आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत छापलेल्या, पण भाषा मराठी, आणि काय मराठी! मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ असा : आमचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचं निरूपण. 'येणं' हा शब्द शीर्षकातच आहे. ग्रंथाचे दोन भाग, पैलें पुराण आणि दुसरें पुराण. पहिल्यात वाट पाहणं, दुसऱ्यात येणं.

हे पुराण का लिहावं लागलं, याची पार्श्वभूमी सुखाची नाही. सासष्टीतली देवळं पोर्तुगीज अमलात पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. बाप्तिस्मा झालेल्या लोकांनी विचारलं की आमची पुराणं तर तुम्ही काढून घेतलीत, आता वाचायचं काय? स्टीफन्सने जे दिलं ते त्यांच्याच ओवीत दिलं, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणत. ज्या सत्तेने घेतलं त्याच सत्तेच्या आश्रयाने दिलं, हे विसरता येत नाही. आणि दिलं ते मनापासून, भाषेवर जीव लावून दिलं, हेही विसरता येत नाही. मला या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला त्रास होतो, पण एक सोडून दुसरी धरली तर तो इतिहास राहत नाही.

आता कोल्हापूर. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर नावाचा अमेरिकन मिशनरी इथे आला. शहरातलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं. माणूस हट्टी. शाळांवर त्याचा फार भर. बोस्टनच्या त्याच्या मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचं मत वेगळं होतं : मिशनने उपदेश करावा, स्थानिक मंडळ्या उभ्या कराव्यात, शाळांत, विशेषतः इंग्रजी शाळांत, पैसा घालू नये. दोघांचं बिनसलं. वाइल्डर मायदेशी गेला आणि १८६१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर कोल्हापूरला परत आला. १८७० च्या सुमाराला प्रेस्बिटेरियन मंडळाने हे काम आपल्याकडे घेतलं. मिशनच्या हिशेबाप्रमाणे त्याने तीन हजारांवर गावांत उपदेश केला, पत्रकांची तीस लाख पानं वाटली, शाळांत तेहतीसशे मुलं आणली, त्यात तीनशे मुली. बाप्तिस्मा घेतलेले मात्र थोडे.

याच घरात, कोल्हापुरात, १८६३ साली रॉबर्ट वाइल्डर जन्मला. हे नाव आपल्या शहरात फारसं कोणाला माहीत नाही, पण अमेरिकन मिशनच्या इतिहासात ते टाळता येत नाही. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. रॉबर्ट तिथे होता. शिबिर संपेपर्यंत शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनरी व्हायची प्रतिज्ञा केली. त्यातून १८८८ मध्ये विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली आणि तिचं ब्रीदवाक्य झालं : याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता. पुढच्या काही दशकांत हजारो तरुण जहाजात बसले.

'याच पिढीत' ही घाई कुठून आली? मसीहाच्या प्रतिमेतूनच. मत्तयाच्या शुभवर्तमानात असं वचन आहे की राज्याची सुवार्ता सर्व राष्ट्रांना सांगितली जाईल आणि मग शेवट होईल. काही जणांनी त्याचा अर्थ असा लावला की राजा पुन्हा यायचा तर आधी आपलं काम संपवलं पाहिजे. आणि दुसरं एक वचन आहे, प्रेषितांच्या कृत्यांत. शिष्य विचारतात, आता तू राज्य परत देणार का? येशू म्हणतो, काळवेळ जाणणं तुमच्याकडे नाही, तुम्ही पृथ्वीच्या टोकापर्यंत साक्षी व्हाल. म्हणजे 'राजा कधी?' या प्रश्नाला 'तुम्ही जा' हे उत्तर मिळालं. ख्रिस्ती मिशनचं इंजिन हे आहे. पण त्या काळी हे इंजिन साम्राज्याच्या रुळांवरून धावत होतं. 'साऱ्या जगाला' म्हणणाऱ्या मुलांना जगाचा नकाशा आपल्याच हातात आहे असं वाटत होतं. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही, कित्येक जण परतलेच नाहीत. पण राजाची सुवार्ता आणि राज्यकर्त्यांची ऐट यांतला फरक ऐकणाऱ्याला नेहमी कळत होता असं नाही.

जिथे कळला तिथे तो शब्दांनी कळला नाही. इथून पन्नास किलोमीटरवर मिरज आहे. तिथे १८९४ मध्ये डॉक्टर वानलेस यांनी दवाखाना सुरू केला. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरातलं कोणीतरी 'मिरजेच्या मिशनमध्ये' जाऊन आलेलं असेल. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचं वचन वाचतो : दीनांना सुवार्ता सांगायला माझा अभिषेक झालाय. बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी. तुरुंगातून योहान विचारतो, जो यायचा तो तूच का? उत्तर येतं की जे दिसतंय ते जाऊन सांगा, आंधळे बघतात, पांगळे चालतात. मोतीबिंदू काढून घेऊन गावी परतलेल्या बाईला या वचनाचा संदर्भ माहीत नव्हता. तिला त्याची गरजही नव्हती.

महात्मा फुल्यांनी मात्र ही प्रतिमा थेट उचलली, आणि आपल्या मातीत लावली. आपल्याकडे एक राजा आहेच ना ज्याची वाट पाहतात? माझी आजी पाडव्याला ओवाळताना म्हणायची, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. बळी पाताळात ढकलला गेलाय, तरी बायका त्याच्या राज्याची वाट पाहतात. हरलेला राजा, आणि आशा त्याच्यावरच! फुले मिशनच्या शाळेत शिकलेले, बायबल वाचलेले. १८७३ च्या 'गुलामगिरी'त ते येशूकडे पश्चिमेतला बळीराजा म्हणून पाहतात, दीनदुबळ्यांसाठी प्राण देणारा. ख्रिस्ती ते झाले नाहीत. पण हरलेला राजा अभिषिक्त कसा, या जुन्या कोड्याला इतकं सरळ उत्तर कोणा पंडिताला सुचलं नव्हतं. आमच्याकडे असे राजे असतात, झालं.

नारायण वामन टिळकांची वाट वेगळी. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये नगरला काम केलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. सिंहासन जवळजवळ दिसतच नाही. आणि शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून, संन्यास घेऊन त्यांनी साताऱ्याला काय काढलं? 'देवाचा दरबार'! राजाचा शब्द परत आला. पण या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले शेजारी शेजारी बसणार होते. मिशनला हे पचणं कठीण होतं. मे १९१९ मध्ये टिळक गेले, दरबार फार चालला नाही. त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, आणि लिहिला त्याच्या कितीतरी पट भाग त्यांचा आहे. 'स्मृतिचित्रे' सगळ्यांनी वाचलंय, हे फार थोड्यांनी. पंडिता रमाबाईंनी केडगावला उलट रस्ता धरला. बायबलच्या भाषांतरात त्यांनी हिंदू अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द टाळले, अगदी अडाणी बाईलाही कळेल अशी मराठी शोधली. टिळकांना पूल हवा होता, रमाबाईंना मोकळी जमीन. दोघांचंही बालपण ब्राह्मण घरातलं, तरी हा फरक. रमाबाईंना त्या संस्कृत शब्दांनी जेवढं भाजलं होतं तेवढं टिळकांना भाजलं नव्हतं, असं माझं मत आहे.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. तो बाबासाहेबांचा. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ते मोक्षदाता आणि मार्गदाता असा भेद करतात. येशूने आपण मोक्ष देणारे आहोत असं म्हटलं, बुद्धाने तसं म्हटलं नाही. त्याने फक्त वाट दाखवली, चालायचं तुम्ही. हे वाक्य लिहिणारा माणूस साधा टीकाकार नाही. ज्याला कोट्यवधी माणसं उद्धारक म्हणत होती, तो स्वतः लिहितोय की उद्धारकाची वाट पाहू नका. याच जिल्ह्यात, माणगावला, मार्च १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांचं पुढारीपण जाहीर केलं होतं. तेव्हापासून लोकांच्या डोळ्यांतली अपेक्षा त्यांनी पाहिली होती.

ख्रिस्ती बाजूने याला उत्तर आलं का? आलं, उशिरा आलं, आणि तेही एका मराठी माणसाकडून. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात एक व्याख्यान दिलं, त्यातून दलित ईश्वरविद्येची सुरुवात झाली असं मानतात. त्यांचं म्हणणं, येशू वरून येऊन हात देणारा राजा नव्हताच. त्याची वंशावळ पाहा, त्यातली नावं पाहा. ज्याला नाकारलं, थुंकलं, गावाबाहेर नेऊन मारलं, तो स्वतः दलित होता, आणि तो मसीहा आहे तो त्यामुळेच. गावाबाहेर! मराठी खेड्यात या शब्दाला पत्ता असतो.

या उत्तराने बाबासाहेबांचा आक्षेप मिटतो का? मला वाटतं पूर्ण मिटत नाही. सोबत दुःख भोगणारा असला तरी सोडवणारा तो सोडवणाराच राहतो, आणि प्रश्न होता चालायचं कोणी याचा. उलट बाजूने, ज्याच्या पायात चालायचं बळच ठेवलेलं नाही त्याला नुसती वाट दाखवून भागतं का, असं मिरजेच्या दवाखान्यातल्या कोणी विचारलं असतं. वेळ संपत आलीय, आयोजक घड्याळ दाखवतायत. मागे एका ताईंनी केव्हापासून हात वर केलाय. बोला ताई.